‘कौतुक’ हा शब्द शिकवताना

सुरतेत मराठी शिकवणाऱ्याला दोन शब्दकोश जवळ ठेवावे लागतात. मराठी आणि गुजराती इतक्या शेजारच्या भाषा आहेत की विद्यार्थ्याला न कळलेला शब्दही कळल्यासारखा वाटतो. ‘नवरा’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. हा फरक सांगितला की वर्ग हसतो आणि तो शब्द पुन्हा कोणी चुकत नाही. ‘राग’ शिकवतानाही असेच घडते. काही शब्द मात्र हसण्यावारी नेता येत नाहीत, कारण त्यांतला फरक लगेच जाणवत नाही. वाक्य बरोबर वाटते आणि अर्थ निसटलेला असतो. ‘कौतुक’ हा तसा शब्द आहे. गेली काही वर्षे मी तो मुद्दाम एक स्वतंत्र तास घेऊन शिकवते. त्या तासाची ही टिपणे आहेत. इतर शिक्षकांना कदाचित उपयोगी पडतील.

गुजराती बोलणाऱ्याला कौतुक म्हणजे नवल, कुतूहल, गंमत. मराठीतही जुना अर्थ याच्या जवळचाच होता. ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वर आपल्या मराठी बोलाविषयी जी प्रसिद्ध प्रतिज्ञा करतात, तिच्यात ‘कौतुकें’ हा शब्द आहे. तिथे अभ्यासक त्याचा अर्थ ‘लीलेने, सहज’ असा घेतात. पण आजचा विद्यार्थी, आणि खरे तर भाषणे करणारी कितीतरी मोठी माणसेसुद्धा, ती ओवी ‘माझ्या मराठीचे कौतुक किती सांगू’ अशा अर्थाने वाचतात. हे वाचन चुकीचे आहे, पण ते का होते हे पाहण्यासारखे आहे. मधल्या शतकांत या शब्दाने घर बदलले. नवल वाटण्यापासून निघून तो दुसऱ्याच्या चांगल्याने आपल्याला होणाऱ्या आनंदाशी येऊन थांबला. त्या नव्या घरात तो इतका रमला की जुने घर आठवूही देत नाही.

या आनंदाला आपल्या शास्त्रांत नावे नाहीत असे नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत, आणि मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात सुख, असे आपण सर्रास सांगतो. सूत्र नीट वाचले तर थोडे वेगळे दिसते. सुखी माणसाविषयी पतंजली मैत्री सांगतात. मुदिता सांगतात ती पुण्यवानाविषयी. जैन ‘तत्त्वार्थसूत्रा’त त्या जागी ‘प्रमोद’ आहे, आणि तो गुणांनी श्रेष्ठ असणाऱ्यांविषयी आहे. बौद्ध परंपरेतली मुदिता दुसऱ्याच्या उत्कर्षाविषयी आहे खरी, पण पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने तिच्यासोबत एक इशाराही दिला आहे: संसारी हर्षोल्हास तिच्यासारखाच दिसतो, त्याला मुदिता समजू नये. नाट्यशास्त्रात भरताने तेहतीस व्यभिचारी भाव मोजले. त्यांत असूया आहे, हर्ष आहे, गर्व आहे. दुसऱ्याच्या सुखाने होणाऱ्या आनंदाला वेगळी जागा नाही.

‘कौतुक’ या सगळ्यांपेक्षा साधे आहे. त्याला पुण्य लागत नाही, श्रेष्ठ गुण लागत नाही, उत्कर्षही लागत नाही. बाळाने पहिल्यांदा ‘बाबा’ म्हटले, शेजारणीने लावलेल्या कुंडीत पहिले फूल आले, पाचवीतल्या मुलाने एकट्याने बसने जाऊन दाखवले, एवढे त्याला पुरते. बुद्धघोषाने ज्या संसारी हर्षापासून साधकाला जपायला सांगितले, तोच हा हर्ष, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. आपण साधक नाही, संसारी आहोत.

वर्गात मी यानंतर व्याकरणाकडे वळते, कारण खरा शोध तिथे लागतो. फळ्यावर दोन वाक्ये लिहिते: ‘मला तिचे कौतुक वाटते’ आणि ‘मला तिचा हेवा वाटतो’. दोन्हींची बांधणी एकच. ज्याला वाटते त्याला चतुर्थी, जिच्याविषयी वाटते तिला षष्ठी. ‘वाटणे’च्या जागी ‘करणे’ घातले तरी दोन्ही टिकतात: तो तिचे कौतुक करतो, तो तिचा हेवा करतो. आता ‘होणे’ घालून पाहा. ‘तिचे खूप कौतुक झाले’ हे उत्तम मराठी वाक्य आहे. ‘तिचा खूप हेवा झाला’ असे कोणी म्हणत नाही. हेवा मनात वाटतो, फार तर एकेकटा माणूस तो करतो. पण चार माणसांत मिळून, उघडपणे, समारंभासारखा तो घडत नाही. कौतुक घडते. त्याची थाप पाठीवर पडते, ते चारचौघांत होते. म्हणजे ही केवळ मनाची अवस्था नव्हे, ही करायची गोष्ट आहे असे भाषेनेच ठरवून ठेवले आहे. गुजरातीत भाषांतर करताना विद्यार्थी कधी ‘वखाण’ लिहितात, कधी ‘लाड’, कधी ‘हरख’. वखाण तोंडाने होते, लाड हाताने होतात, हरख मनात होतो. कौतुकात हे तिन्ही लागते. मला ‘हरख’ त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. आपल्याकडेही माणूस हरखून जातोच की.

हा शब्द हाताशी जोडलेला आहे, याला संस्कृतातच एक सुंदर आधार सापडतो. संस्कृतात कौतुक म्हणजे लग्नात मनगटावर बांधायचा मंगलधागाही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त सातव्या सर्गात पार्वतीच्या लग्नाची तयारी चालली आहे. तिची आई मेना तिच्या हाताला लोकरीचा कौतुकधागा बांधते, पण डोळे पाण्याने भरलेले असल्यामुळे तो भलत्याच जागी बांधते. मग दाई आपल्या बोटांनी तो सरकवून योग्य जागी आणते. कालिदास यावर काही भाष्य करत नाही, पुढच्या श्लोकाकडे जातो. या प्रसंगात मला आईइतकीच ती दाई महत्त्वाची वाटते. लग्न तिच्या मुलीचे नाही. तिचे डोळे भरले होते की नव्हते हे कवीने सांगितलेले नाही. तिच्या बोटांना मात्र धागा कुठे असायला हवा हे नीट माहीत होते.

हात आणि आनंद यांचे नाते मराठीत आणखी एका ठिकाणी दिसते, आणि तिथे गोष्ट थोडी अवघड होते. नातवंडाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आजी स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडते. गुजरातीत याला ओवारणां घेणे म्हणतात, आपण आलाबला घेणे म्हणतो. तुझ्यावरचे अरिष्ट माझ्यावर येवो, असा त्याचा भाव. पण ‘कोणाच्या नावाने बोटे मोडणे’ म्हणजे त्याला शिव्याशाप देणे! तीच बोटे, तोच आवाज. कौतुकाच्या पाठोपाठ दृष्ट येते, म्हणून मीठमोहऱ्या येतात, तीट येते. ‘किती गोड दिसतोय’ म्हणणारी बाई लगेच ‘माझीच दृष्ट लागायची’ असे म्हणते, तेव्हा ती आपल्या मनाविषयी फारच प्रामाणिक असते. कौतुक आणि हेवा यांची वाक्यरचना एकच का, याचे उत्तर तिला व्याकरण न शिकता ठाऊक आहे.

सुरतेविषयी थोडे. मराठी पाठ्यपुस्तकांत हे शहर येते ते १६६४ च्या लुटीपुरते. आजची सुरत मराठी माणसाला वेगळ्या वाटेने माहीत आहे. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत ताप्तीच्या खोऱ्यातून येणारी रेल्वे उधन्याला पोहोचते, आणि लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांच्या गल्ल्याच आहेत. नवापूरच्या फलाटावर एक बाक आहे, तो अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. बालकवी धरणगावचे, साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. म्हणजे याच रुळांच्या आसपासचे. माझ्या वर्गातली बरीच मुले या भागांतली आहेत. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती-हिंदी, शाळा कोणाची महानगरपालिकेची मराठी, कोणाची गुजराती. खानदेशात आणि मराठवाड्यात ‘कौतिक’ हे माणसाचे नाव असते. कौतिकराव. हे सांगितले की वर्गातून हमखास एखादा आवाज येतो: माझ्या पणजोबांचे नाव कौतिक होते. मुलाचा जन्म हेच कौतुक आणि मुलगा हाच कौतिक.

या गल्ल्यांत कौतुक कसे चालते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. कोजागिरीच्या रात्री मराठी घरांत दूध आटते, थोरल्या अपत्याला ओवाळतात. दुसऱ्याच दिवशी सुरती माणसाचा चंदी पडवो, त्या दिवशी घारी. आदल्या रात्री शेजारी गेलेली दुधाची वाटी दुसऱ्या दिवशी रिकामी परत यायची नाही, तिच्यात घारीचा तुकडा असतो. पर्युषणात आठ दिवसांचा उपवास केलेल्या मुलीच्या पारण्याला लोक जातात आणि ‘अनुमोदना’ म्हणतात. जैन मतात स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि दुसऱ्याने केलेल्याला मनापासून अनुमोदन देणे, या तिन्हींना मोल आहे. अर्थात सगळेच सुख वाटता येते असेही नाही. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते. दर्शनाला, गाण्याला, मिरवणुकीला अख्खी गल्ली असते, पण रोटाचा प्रसाद भाऊबंदांतच खायचा. शेजारी याचे वाईट वाटून घेत नाहीत. दारातून आरती पाहतात आणि कानबाई किती छान सजली आहे असे म्हणून घरी जातात.

पण याच गल्ल्यांत दुपारी दुसरे एक दृश्य दिसते. कापड बाजारातून साड्यांचे गठ्ठे घरोघर येतात. बायका त्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात, भरतकामाच्या मागचे लोंबते धागे कापतात, आणि नगावर पैसे मिळतात. त्यांतल्या कितीतरी साड्या लग्नाच्या असतात. एखादी बाई काम पुरे झालेली साडी उलगडून उजेडात धरते, शेजारणीला हाक मारते, ही कोण नेसेल, तिला कशी दिसेल, यावर दोघींचे थोडे बोलणे होते, आणि साडी घडी होऊन गठ्ठ्यात जाते. माझ्या एका विद्यार्थिनीने हे लिहून आणले आणि खाली लिहिले, ‘माझ्या आईला अनोळखी नवरीचे कौतुक वाटते.’ वर्गात वाचून दाखवल्यावर दुसरा एक विद्यार्थी म्हणाला, ‘मॅडम, कौतुक राहू द्या, आधी नगामागे पैसे वाढवा म्हणावं.’

त्याचे म्हणणे टाळून पुढे जाता येत नाही. ज्यांच्याकडे थोडे आहे त्यांना ‘दुसऱ्याच्या सुखात सुख माना’ असे सांगणे, ज्यांच्याकडे पुष्कळ आहे त्यांना सोयीचे असते. या विषयावरचे बरेच गोड लेखन मला याच कारणाने सहन होत नाही. मात्र त्या विद्यार्थिनीच्या वाक्यात ‘माना’ नव्हते. तिच्या आईला कोणी काही मानायला सांगितले नव्हते. तिला साडी चांगली झाली याचा आनंद होता, त्यात स्वतःच्या कामाचा अभिमानही असणार, आणि मजुरी कमी मिळते हेही तिला आपल्या सर्वांपेक्षा नीट माहीत होते. या गोष्टी एकमेकींच्या जागा घेत नाहीत. कौतुक वाटले म्हणून मजुरीचा प्रश्न सुटत नाही, आणि मजुरी कमी म्हणून कौतुक खोटे ठरत नाही. अशा ठिकाणी लेखकाने दोन्ही लिहावे, एवढे मी वर्गात सांगते.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला नारायण मी इथेच शिकवते. लग्नघरातली सगळी कामे अंगावर घेणारा, प्रत्येकाला हवा असणारा, साडीच्या दुकानापासून मंडपापर्यंत सगळीकडे हजर असलेला नारायण. लग्न संपले की त्याची आठवण कोणाला राहत नाही. विद्यार्थी आधी हसतात, मग गप्प होतात. व्यक्तिचित्र या वाङ्मयप्रकाराचे मूळच मला कौतुकात दिसते. एक माणूस दुसऱ्याकडे हेवा न करता, उपदेशही न करता टक लावून पाहतो. नारायणाची गंमत अशी की तो स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या कार्यांचे कौतुक करत फिरला, आणि त्याचे कौतुक करायला शेवटी एक लेखक यावा लागला. मेनेच्या दाईला कालिदासाने अर्धा श्लोक दिला. नारायणाला पूर्ण प्रकरण मिळाले.

कौतुक करण्याचा हक्कही सगळ्यांना सारखा नसतो, हा भाग वर्गात सर्वांत जास्त वेळ घेतो. नवरा वारलेल्या बाईने ओवाळायचे नाही, हळदीकुंकवाला जायचे नाही, भाचीच्या डोहाळजेवणात मागे बसायचे. तिचे स्वतःचे सुख गेले ते गेलेच. दुसऱ्याच्या सुखाला हात लावण्याची मनाई ही वरची शिक्षा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने तो आदर्श धरून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. बातम्यांत कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. मला त्या ठरावात आणखी एक गोष्ट दिसते: ताम्हन हातात घेण्याची मोकळीक. वर्गात हे बोलताना एकदा एक मुलगी म्हणाली, ‘माझ्या आत्या दृष्ट काढतात, पण ओवाळत नाहीत.’ म्हणजे वाईट काढून घेण्याचे काम तिच्याकडे होते, चांगले चिंतण्याचे नव्हते.

आणखी एक गोम आहे. कौतुक सहसा वरून खाली वाहते. मोठा लहानाचे करतो. ‘मला आमच्या प्राचार्यांचे कौतुक वाटते’ हे वाक्य व्याकरणात बसते, पण कानाला किंचित आगाऊ लागते. आजीचे कौतुक करता येते, तेही ‘या वयात’ असे जोडून. म्हणून वर्तमानपत्रांतले ‘कौतुकास्पद’ मी विद्यार्थ्यांना जपून वाचायला लावते. दहावीच्या निकालाच्या दिवशी ‘रिक्षाचालकाच्या मुलीचे यश’ असा मथळा येतो, तेव्हा कौतुकाबरोबर आणखी काहीतरी छापलेले असते: तिच्याकडून एवढे अपेक्षित नव्हते. डॉक्टरच्या मुलीला तेवढेच गुण मिळाले तर बापाचा धंदा मथळ्यात येत नाही. ‘काय ते कौतुक!’, ‘नसती कौतुके’ असले कडू प्रयोग या शब्दाला चिकटले आहेत, ते याच उतारावरून. ज्याचे कौतुक होते त्याला कधी कधी आपली पायरी कळते.

तासाच्या शेवटी मी एक काम देते. पंधरा दिवस वही ठेवायची. आसपास कोणी कोणाचे कौतुक केलेले दिसले की लिहायचे: कोणी, कोणाचे, कशाने, कोणत्या भाषेत. ‘कशाने’ या रकान्यात शब्द फार थोडे येतात, खाणे पुष्कळ येते. बटाटेवडे, पेढे, खमण, मोबाइलच्या रिचार्जचे पैसे. भाषेच्या रकान्यात मिसळण असते. आई अहिराणीत, शेजारीण गुजरातीत. आणि ‘कोणी’ या रकान्यात वडील जवळजवळ नसतातच. मुलाचे तोंडावर कौतुक करू नये, ही समजूत आमच्याकडच्या बापांत घट्ट आहे.

मागच्या वर्षी एका मुलीच्या वहीत वडील आले. ते रात्रपाळीला लूम्सवर असतात. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा घरी ते ‘बरं’ एवढेच म्हणाले होते. आठवड्याने त्यांच्यासोबत काम करणारा, शेजारच्या मशिनीवरचा ओडिया माणूस रस्त्यात भेटला आणि त्याने हिंदीत तिचे अभिनंदन केले. वडिलांनी गुणपत्रिकेचा फोटो मोबाइलवर सगळ्या खात्याला दाखवला होता आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाने चहा पाजला होता. मशिनींच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे कोणत्या भाषेत या रकान्यात काय लिहायचे, असे तिने मला विचारले. मी रकाना मोकळा ठेवायला सांगितले. मग तिचा दुसरा प्रश्न आला: मी तिथे नव्हतेच, तर बाबांनी माझे कौतुक केले म्हणायचे की माझे कौतुक झाले म्हणायचे? त्यावर वर्गात घंटा होईपर्यंत वाद चालला. बहुमत ‘झाले’च्या बाजूने होते. तिने वहीत ‘केले’ लिहिले.